दिवाणजीची पेन्सिल आणि वेचणीचे हात

माझे वडील विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, दिवाणजी होते. दिवाळी झाली की फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची आणि बाबा काट्याजवळच्या लाकडी टेबलामागं बसायचे. भरलेल्या बंडीचं वजन, त्यातून रिकाम्या बंडीचं वजा, त्यातून कडता, म्हणजे ओल-कचऱ्यापोटीची कपात, उरलेल्याला भावानं गुणायचं, मग हमाली आणि तोलाई कापायची. सगळं तोंडी. कानामागची कॉपिंग पेन्सिल काढून जिभेला लावायची आणि कार्बन घालून पावती लिहायची. अख्खा हिवाळा बाबांची जीभ जांभळी असे. त्या पगारावर आमचं घर बांधून झालं, दोन बहिणींची लग्नं झाली, मी एम.ए.पर्यंत शिकलो.

आज त्याच फाटकात इलेक्ट्रॉनिक भुईकाटा आहे. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वर चढतो, एक पोरगा गाडीचा नंबर टाकतो, पावती आपोआप छापून येते. त्याला सिझनपुरता पगार मिळतो. दिवाणजी म्हणून तिथं आता कोणी नाही.

फाटकापासून दोन किलोमीटरवर शेतं सुरू होतात. तिथं कापूस अजून माझी आजी वेचायची तसाच वेचला जातो, कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी.

म्हणजे शिकलेल्या माणसाचं काम यंत्रानं घेतलं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं काम त्याला घेता आलं नाही. असं का झालं? आणि तिचं काम यंत्राला जमत नसेल तर तिची रोजी का वाढत नाही? मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अभ्यासक्रमात या विषयाला ‘रोजगाराचं ध्रुवीकरण’ असं जड नाव आहे, आणि त्या नावामुळंच पोरं पान उलटतात. म्हणून हे दोन प्रश्न धरूनच ते उलगडून पाहू.

आधी बरीच वर्षं अर्थतज्ज्ञांचा समज असा होता की तंत्रज्ञान शिकलेल्याला हात देतं आणि न शिकलेल्याला मागं सारतं. जितकं शिक्षण कमी, तितका धोका जास्त. २००३ मध्ये डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की माणसाची पदवी पाहू नका, तो दिवसभर नेमकं काय करतो ते पाहा. कुठलीही नोकरी ही कामांची मोळी असते. यंत्र सहसा अख्खी मोळी उचलत नाही, एकेक काडी ओढून घेतं. आणि कोणती काडी आधी निघते हे एका गोष्टीवर ठरतं: ते काम पायरीपायरीनं लिहून देता येतं का? इतकं नेमकं, की ज्याला त्यातलं काही कळत नाही त्यानंही नुसतं वाचून ते बिनचूक करावं?

बाबांचं काम मी वर एका वाक्यात लिहून दिलं. वजा, वजा, गुणिले, वजा. ते शिकायला त्यांना शाळा लागली, सराव लागला, इमान लागलं. पण एकदा नियम ठरले की संगणकाला त्यात अवघड काहीच नव्हतं.

आता वेचणी लिहून पाहा. मी वर्गात हा प्रयोग करतो, पोरांना फळ्यावर पायऱ्या लिहायला सांगतो. ‘बोंड उमललं असेल तर कापूस काढा.’ ठीक. पण किती उमललं म्हणजे उमललं? अर्धं उमललेलं पुढच्या वेच्यासाठी सोडायचं. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं सोलतात, तेव्हा हात कुठून घालायचा? वाळलेल्या पानाची पत्ती कापसाला चिकटू द्यायची नाही, नाहीतर भाव पडतो. किडकी कवडी, म्हणजे किडीनं खराब झालेला कापूस, वेगळी ठेवायची. दव असेल तर उन्हाची वाट पाहायची. फांदी मोडायची नाही, कारण तिच्यावर अजून हिरवी बोंडं आहेत. दहा-बारा ओळींनंतर पोरं थांबतात, आणि यातल्या निम्म्या पोरांच्या आया हेच काम दिवसातून हजारो वेळा करतात, तेही शेजारणीशी बोलता बोलता.

माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं, हे मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ मध्ये मांडलं होतं. यंत्रमानवांवर काम करणाऱ्या हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्ये त्याचीच दुसरी बाजू दाखवली: बुद्धिबळासारखं जे आपल्याला कठीण वाटतं ते यंत्राला सोपं जातं, आणि वर्षाच्या लेकराला जमतं ते पाहणं, चालणं, उचलणं यंत्राला जड जातं. १९९७ मध्ये संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. त्या वर्षी आमच्याकडच्या पऱ्हाटीत (कापसाच्या उभ्या पिकात) कापूस हातानंच निघाला, आणि आजही हातानंच निघतो.

आता एकूण चित्र पाहू. लिहून देता येणारी कामं कुठं जास्त असतात? सगळ्यात वर नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना रोज नवं कोडं सोडवावं लागतं. सगळ्यात खालीही तितकी नाहीत. झाडणं, स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा, राखण, वेचणी यांत हात, डोळे आणि प्रसंगावधान लागतं. नियमांनी बांधलेली कामं मधेच दाटलेली असतात: कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस, रोखपाल, कारखान्यात एकच सुटा भाग दिवसभर बसवणारा कामगार. संगणक आला तो याच मधल्या थरावर. मार्टिन गूस आणि ॲलन मॅनिंग यांनी १९७५ नंतरच्या ब्रिटनचा अभ्यास २००७ मध्ये मांडला, त्यात वरच्या आणि खालच्या नोकऱ्या वाढलेल्या आणि मधल्या आटलेल्या दिसल्या. अमेरिकेत विक्री, कार्यालयीन कामं, कारागिरी-उत्पादन आणि यंत्रचालक या मधल्या चार गटांत १९७९ साली एकूण रोजगाराच्या ६० टक्के माणसं होती. २०१२ पर्यंत तो वाटा ४६ टक्क्यांवर आला. डमरू डोळ्यांपुढं आणा. दोन्ही तोंडं रुंद, मधे मुठीत मावेल एवढी कंबर.

इथवरचं वर्गात पटकन पटतं. खरी अडचण मजुरीची आहे.

पोरांना वाटतं की यंत्राला जे जमत नाही ते काम महाग असायला हवं. मलाही विद्यार्थी असताना तसंच वाटायचं. पण मजुरी काम किती अवघड आहे यावर ठरत नाही. ते काम करू शकणारे आणखी किती जण दारात उभे आहेत, आणि काम करणाऱ्याजवळ दुसरा कोणता पर्याय आहे, यावर ती ठरते. जिनिंगमध्येच पाहा. भर सिझनमध्ये विजेचं पॅनल बिघडलं की सगळे रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रं, थांबतात, फाटकाबाहेर गाड्या अडकतात, मालकाचं तासागणिक नुकसान होतं. तेव्हा रात्री अकरा वाजता मोटरसायकल पाठवून ज्याला बोलावतात तो इलेक्ट्रिशियन तालुक्यात एखाद-दुसराच. यंत्र जितकं मोठं आणि महाग, तितकी त्याच्या एका तासाची किंमत जास्त. यंत्रानं त्याची जागा घेतली नाही, उलट त्याचा भाव वाढवला. मोठ्या शहरातल्या इंजिनिअरचं, डॉक्टरचं, वकिलाचं गणित असंच आहे. संगणकानं त्यांचा हिशेबाचा, टिपणांचा, शोधाशोधीचा वेळ वाचवला, आणि उरलेला वेळ ज्या कामात जातो त्याचीच लोक खरी किंमत मोजतात.

वेचणाऱ्या बाईला यंत्रानं यातलं काहीच दिलं नाही. तिचा दिवस चाळीस-पन्नास किलोचा, तो तेवढाच राहिला. आणि वरून मधल्या थरातली माणसं खाली उतरू लागली. अमेरिकेत कॉलेजात न गेलेल्यांच्या एकूण कामाच्या तासांत झाडलोट, स्वयंपाक, शुश्रूषा अशा सेवाकामांचा वाटा १९८० ते २००५ या काळात दीडपटीहून जास्त झाला. १९९०च्या दशकात खालची मजुरी थोडी वर सरकली. २००० नंतर मात्र खालच्या थरात माणसं वाढत राहिली आणि मजुरी जवळपास जागेवरच थांबली. आमच्याकडं याला कोणी ध्रुवीकरण म्हणत नाही. आमच्याकडं डी.एड. होऊन बसलेली पोरं पुण्याला जातात आणि पाठीवर मोठी पेटी लावून घरोघरी जेवण पोचवतात. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा एक जण गेल्या दिवाळीत भेटला. कुठला ऑर्डर कुणाला द्यायचा हे मोबाइल ठरवतो, कितव्या मिनिटाला पोचायचं हेही मोबाइलच ठरवतो. जिने चढणं तेवढं त्याच्याकडं राहिलं आहे. शिक्षणानं मिळू शकली असती ती मधली जागाच उरलेली नाही, तर तो काय करणार? तो आळशी नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तरीही खालची मजुरी कधी वाढतच नाही असं नाही. तालुक्यातल्या सलूनमध्ये केस कापायला चाळीस वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, तरी दर कितीतरी पट झाला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६०च्या दशकात याचं कारण सांगितलं: आजूबाजूच्या धंद्यांत यंत्रामुळं कमाई वाढली की न्हाव्यालाही दर वाढवून द्यावा लागतो, नाहीतर तो वस्तरा ठेवून दुसऱ्या कामाला जाईल. सगळं ‘नाहीतर’ या शब्दावर उभं आहे. दुसरं काम असेल तरच ‘नाहीतर’ला वजन येतं. आमच्याकडं ते वर्षातून एकदा, पंधरा-वीस दिवस येतं. ऐन हंगामात सगळ्या शिवारांत एकदम बोंडं फुटतात, अवकाळीचे ढग दिसू लागतात, आणि शेतकरी दुसऱ्या गावाहून ऑटो भरभरून बाया आणतो. त्या दिवसांत किलोचा दर चढतो. मग उतरतो. शेतकऱ्याला यात खलनायक करू नये. कापसाचा भाव त्याच्या हातात नाही, आणि पाच एकर कोरडवाहूवाल्याचा खर्च वेचणीपर्यंत येता येता गळ्याशी आलेला असतो.

इथं कोणीही विचारेल: अमेरिकेत तर कापूस यंत्रानं वेचतात, मग तुमचं ‘यंत्राला जमत नाही’ कुठं गेलं? रास्त प्रश्न आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथला जवळजवळ सगळा कापूस यंत्रानं निघू लागला होता. पण आमच्या मावशांचं कसब यंत्राला शिकवून हे झालं नाही. त्यांनी शेतच यंत्राजोगं केलं: सपाट, अफाट, एकसारख्या उंचीची झाडं, औषध मारून पानं आधीच गळवलेली, एकाच फेरीत सगळं वेचून मोकळं. आमच्याकडं तीन-चार वेचे होतात, पाऊस लहरी, शेत तुकड्यातुकड्यांचं. शिवाय वेचणीला माणूस स्वस्तात मिळतो तोवर लाखोंचं यंत्र कोण घेईल? कधीकधी यंत्र थांबतं त्याचं कारण एवढंच असतं की माणूस त्याच्याहून स्वस्त पडतो.

आणि जिथं पीक एकसारखं आहे तिथं आमच्याकडंही यंत्र आलंच. सोयाबीन आणि भंडारा-गोंदियाचा धान आता हार्वेस्टरनं निघतो, कापणी-मळणी एका फेरीत. तणनाशकानं निंदणाचे दिवस खाल्ले. निंदण म्हणजे बायकांची पावसाळ्यातली हमखास रोजी होती. ट्रॅक्टरनं सालगडी घालवला. जिनिंगमध्ये रेच्यांपर्यंत टोपल्यांनी कापूस वाहणाऱ्या बायाही २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर कमी होत गेल्या, कारण त्या योजनेतून सुधारलेल्या जिनांत कापूस आपोआप रेच्यांवर जाऊ लागला. तेव्हा तळ सुरक्षित आहे असं कोणी समजू नये. तळातली जी कामं एकसुरी होती तीही गेली.

गेलेल्या प्रत्येक कामासाठी मी हळहळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाठीवर पंप आणि तोंडाला रुमाल बांधून डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत शिरणं, हे काम ड्रोननं घेतलं तर घेऊ द्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. त्यात मला प्रश्न पडतो तो एवढाच: एका ड्रोनमागं एक प्रशिक्षित ताई उभी राहील आणि ते चांगलंच आहे, पण फवारणीची रोजी गेलेल्या बाकीच्यांनी कुठं जायचं?

यंत्र आलं की नोकरी गेली, इतकं सरळही हे नसतं. बँकेचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेत एटीएम आल्यावर काउंटरवरचे रोखपाल संपतील असं सगळे म्हणत होते. झालं उलटं: १९८० ते २०१० या काळात त्यांची संख्या सुमारे पाच लाखांवरून साडेपाच लाखांवर गेली. एका शाखेत माणसं कमी लागू लागली, त्यामुळं शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी आणखी शाखा उघडल्या. नोटा मोजण्याचं काम यंत्राकडं गेलं आणि माणसाकडं ग्राहकाशी बोलण्याचं राहिलं. पुढं मोबाइलवर बँक आली आणि ही संख्या उतरू लागली. आपल्याकडं रंगराजन समितीनं १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, १९९३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी करार झाला. मला पितळी टोकन हातात घेऊन बाकावर ताटकळणं आठवतं, आणि लेजरमध्ये बोट फिरवणारे क्लार्कही आठवतात. आता गावात चावडीजवळ एक बँकमित्र बसतो. अंगठा लावला की पैसे देतो. म्हाताऱ्या माणसांची तालुक्याची खेप वाचली, हा फार मोठा फायदा आहे. पण त्या क्लार्कला पगार, पेन्शन आणि सोयरीक जुळवताना मान होता. बँकमित्राला मुख्यतः कमिशन मिळतं.

पुस्तकातलं डमरू आमच्या भागाला जसंच्या तसं बसवायला मी तयार नाही. अमेरिकेत १९०० साली ४१ टक्के माणसं शेतीत होती, २००० साली २ टक्के. शेतातून निघालेल्यांना कारखाने आणि कचेऱ्या मिळाल्या, मधला थर आधी भरला आणि मग आटला. आपल्याकडं तो पुरता भरलाच नाही. विदर्भाच्या कापसावर नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, पिढ्यान्‌पिढ्या घरं तिच्या भोंग्यावर चालली, आणि ती बंदही पडली. देशात शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. माणसं शेताकडं परतली आहेत. अमेरिकेत कंबर बारीक झाली. आमच्याकडं शिडीच्या ज्या दोन-तीन पायऱ्यांवरून एक पिढी बांधावरून टेबलापर्यंत गेली, त्या पायऱ्या पुढच्या पिढीच्या पायाखालून निघाल्या. माझं घर त्याच पायऱ्यांवरून वर आलं, म्हणून मला याचं जास्त लागतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि वरची सगळी मांडणी हलू लागली आहे. जुन्या संगणकाला नियम लिहून द्यावे लागत. हिला लाखो नमुने दाखवतात आणि न लिहिलेलं ती त्यांतून उचलते, म्हणजे सांगता न येणाऱ्या कसबाची पोलान्यींनी दाखवलेली जी भिंत होती, तिला भोकं पडली. त्यामुळं पहिल्यांदाच भाषांतर, मसुदे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या ५,१७९ ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, असं दिसलं की या मदतीनं सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं, पण नवख्यांचं ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांना जवळपास काहीच फरक पडला नाही, कारण त्यांचंच कसब यंत्रानं शिकून नवख्यांना पुरवलं होतं. एखादी आशाताई किंवा कृषी सहायक अशा मदतीनं आज डॉक्टरकडं किंवा कृषी विद्यापीठाकडं धाडावी लागणारी कामं गावातच करू लागली, तर मधली पायरी नव्यानं बांधली जाईल. मालकांनी फक्त मुरलेल्यांना काढून स्वस्तात नवखे भरले, तर कंबर आणखी बारीक होईल. यंत्र दोन्हीकडं सारखंच चालतं. कुठल्या बाजूला ते ओढायचं हे पगारपत्रक लिहिणारे, कायदे करणारे आणि संघटना बांधणारे ठरवतात.

गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या शिवारात वेचणी पाहायला गेलो होतो. संध्याकाळी गाठोडी बांधावर आली. पूर्वी मालकाचा माणूस तागडी धरायचा आणि तो सांगेल ते वजन. वाद घालायचा तर उद्या काम नाही. यंदा आठ बायांनी वर्गणी काढून हूक असलेला छोटा डिजिटल काटा घेतला आहे, बाजारात काहीशे रुपयांना मिळतो तो. एकीनं गाठोडं अडकवलं, दुसरीनं हात उंच केला, लाल आकडे थरथरून थांबले. एक्केचाळीस पूर्णांक सहा. मालकाच्या माणसानं वहीत एकेचाळीस लिहिलं.

“सहाशे ग्राम कुठं गेले, भाऊ?” मावशी म्हणाली. “पह्यले आमाले आकडा दिसतच नव्हता. आता दिसते.”

त्यानं वही परत उघडली आणि सहा लिहिला.